पेटीशिवाय आनंद

नाताळच्या आदल्या दिवशी साकोलीच्या बसस्टँडवर मालनबाई भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारबा मांडीवर वाजवायची पेटी घेऊन फुगून बसले होते आणि त्यांची भाची रीता त्यांची मनधरणी करत होती. मालनबाईचे कान आपसूकच तिकडे वळले.

"मामा, पेटी तं ठेवून जा. उद्या चर्चमधी गानं आहे."

"पेटी माही आहे."

"पेटीबिगर गानं कसं म्हनावं आमी?"

"तृप्ती आहे ना! बत्तीस साल गान्याच्या आधी मीच अर्थ सांगतला. औंदा पास्टरनं त्या कालच्या पोट्टीले उभं केलं."

"दोन मिनिटाचं काम, मामा. तुमी अर्धा घंटा सांगता. लेकरं झोपून जातात."

"गान्यातला आनंद म्हन्जे काय, हे दोन मिनिटात समजते काय? जगाचा आनंद मान भेटला तं येते, अपमान झाला का चालला जाते. येशूचा आनंद तसा नाही, पोरी. तो आतून येते. त्याले ना मान लागते, ना पेटी."

"मंग पेटी कायले घेऊन चालले?"

म्हातारबांनी पेटीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

तेवढ्यात भंडाऱ्याची गाडी लागली. रीतानं त्यांची पिशवी उचलली.

"चला, बसवून देते तुमाले."

"राहू दे. भलतीच गर्दी आहे. पुढच्या गाडीनं पाहू."

मालनबाई गाडीत चढली. एका सीटवर ती बसली, दुसरीवर तिनं पिशवी ठेवली, आणि तरी मागची अर्धी गाडी रिकामीच होती.