जिन्यातला दिवा

हाडांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला शिंपी मनगटाची कळ पार विसरला होता, कारण शेजारच्या बाकावर एक जोडपं जुंपलं होतं. नवऱ्याचा पाय सुजून भोपळा झाला होता.

“पृथ्वी तापतेय म्हणून कोणी जिन्यातला दिवा बंद करतं का?”

“सुरुवात आपल्यापासूनच करायला हवी.”

“केलीत ना! सगळ्यांत आधी तुम्हीच गडगडलात.”

“अगं, अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो.”

“आणि तुमच्या मागून उतरणाऱ्या शेजारच्या भाऊजींनी काय पाप केलं होतं?”

“त्यांना साधं खरचटलंसुद्धा नाही. माझ्यावर पडले ते.”

“मोठे उपकार केलेत! घरी गेल्या गेल्या मी दिवा लावणार आहे.”

“लाव खुशाल. उद्या नातवंडांना काय तोंड दाखवशील?”

“तोंड कशाला? तुमचं प्लास्टर दाखवीन. अहो, त्या बटणापाशी काय चाललंय?”

“भर दुपारी तीन-तीन दिवे हवेत कशाला?”

“या खोलीला खिडकी नाहीये!”

खट्ट.

शिंप्याने धड हाताने बाक घट्ट धरला. दाराशी काहीतरी धप्पकन आपटलं.

“अगं बाई! कोण पडलं?”

“डॉक्टर वाटतं. आता आपला नंबर त्यांच्यामागे.”