बिब्ब्याचा डाग

तेरच्या शाळेत विद्यापीठाचं स्तनाच्या कर्करोगावरल्या संशोधनाचं शिबिर होतं. रांगेत माझ्यापुढं सासू-सून.

"वर्षाराणी, तू जा आत. म्या बसते हितंच."

"आत्या, नाव तुमचं लिवलंय."

"मला काय धाड भरलीय?"

"तुमच्या चोळ्या म्या धुते. छातीवर बिब्ब्याचा काळा डाग कशापायी?"

"हळू बोल की! बारीक गाठ हाय. बिब्ब्यानं बसंल."

"कवापासून हाय?"

"सुरजला हळद लागली, तवापासून."

"आत्या! आमच्या लग्नाला तीन वर्सं झाली."

"तवा बोलले असते तर लगीन मोडलं असतं, पोरी."

"माझ्या आईनं बी ह्याच लग्नापायी गाठ लपवली हुती. ती गेली. आता तुमी उठा."