ओ येईपर्यंत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टरसाहेब, वेळात वेळ काढून आलेले आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब, माझ्या सहकारी भगिनींनो आणि बंधूंनो, आणि दुसऱ्या रांगेत बसल्या बसल्या ज्यांची मान डुलायला लागली आहे ते आमचे यजमान, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सर्वप्रथम अध्यक्ष महोदयांचे आभार मानते. माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोलेल असं वाटलं नव्हतं, निदान मी ऐकायला हजर असताना तरी. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, "सिस्टरांना आता चिरविश्रांती लाभो." तेव्हा आमच्या मंडळीतल्या बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरले, ते मी इथून पाहिलं. अध्यक्ष महोदय, आपल्याला दीर्घ विश्रांती म्हणायचं होतं, ते माझ्या लक्षात आलं. पण चिरविश्रांती माणूस गेल्यावर मिळते हो. मी तर अजून चहासुद्धा घेतलेला नाही.

हसा, हसा. मीही हसले. नंतरच्या वक्त्यांनी सावरायला म्हणून दुसरा शब्द काढला, विसावा. सिस्टर, आता विसावा घ्या. प्रत्येकाने तेच. आता हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. आमच्या दफनभूमीत जाऊन बघा, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत हाच शब्द कोरलेला आहे. प्रभूमध्ये विसावली. प्रभूच्या ठायी झोपी गेले. आमच्याकडे माणूस मरत नाही, विसावतो. पाळकसाहेब मान हलवताहेत, म्हणजे मी चुकीचं बोलत नाही.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. आज ते जरा लागलं, त्याला कारण आहे. आपण मला निरोप देताय खरा, पण उद्या सकाळी मी याच इमारतीत परत येणार आहे. कामाला नाही. माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. बघा, समोरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मला माहीत होतं असं होणार, म्हणूनच आतापर्यंत सांगितलं नव्हतं.

गाठ सापडून बरेच महिने झाले. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. आधी नव्या मुलींचं प्रशिक्षण होतं, मग लेकीची बदली, मग निवृत्ती तोंडावर आली. गेल्या महिन्यात तर मी गाऊन घालून टेबलावर आडवीसुद्धा झाले होते. आमचे भूलतज्ज्ञ साहेब नेहमीच्या प्रेमळ आवाजात म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हाला झोपवतो हं." त्याबरोबर मी उठले आणि टेबलाखाली माझ्या चपला शोधायला लागले. साहेबांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आता सर्जनांनी बजावलंय की यापुढे चालढकल केली तर पुढचा निर्णय गाठच घेईल. तेव्हा उद्या मी त्या टेबलावर पडून राहते की पुन्हा पळते, हा प्रश्न आहे. आमच्या यजमानांनी तर दाराशी बसायची तयारी दाखवली आहे. पण ते बसले की झोपतात.

तुम्ही म्हणाल, आयुष्य ऑपरेशन थिएटरच्या दाराशी काढलेल्या बाईला कसली भीती? सांगते. आज नाही सांगितलं तर कधी सांगणार?

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी आधी कामाचं बोलते. ऑपरेशन झालं की पेशंटला आमच्या खोलीत आणतात. हिरवे पडदे, ओळीने खाटा, भिंतीवर ऑक्सिजन. माणूस शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यापाशी थांबायचं, हे आमचं काम. नाडी दाखवायला, श्वास दाखवायला यंत्रं आहेत, ती आम्ही बघतोच. पण माझ्या खोलीचा एक नियम होता. पेशंटला हाक मारायची आणि ओ येईपर्यंत खाट सोडायची नाही. "ओ आली का?" हे मी दिवसभर इतक्यांदा विचारायचे की मुली माझ्या पाठीमागे मला 'ओ-बाई' म्हणायच्या. मला कळत नव्हतं असं समजू नका.

आणि काय एकेक ओ यायची. एक शिंपीदादा डोळे न उघडताच टेप मागायला लागले. शाळेतल्या बाई शुद्धीवर येता येता मलाच म्हणाल्या, "बोट तोंडावर." वकीलसाहेबांनी तर तारीख मागून घेतली. माणूस कुठूनही परत आला तरी आधी आपल्या कामावर येतो. हे ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

दुसरा नियम सगळ्यांना विचित्र वाटायचा. माझ्या खोलीत झोप हा शब्द काढायचा नाही. आमची चिमणी, म्हणजे माझ्यानंतर जी आता ही खोली सांभाळणार आहे, तिचा आवाज बारीक म्हणून हे नाव, ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "सिस्टर, खाटेवरचे काका छान झोपलेत." मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी स्टोअररूममध्ये जाऊन रडली. ती तिकडे मान खाली घालून बसली आहे. चिमणे, मान वर कर. कारण आज ऐक.

मी लहान होते, शाळेत नुकतंच नाव घातलं होतं. दुपारी घरी आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत बायका कुजबुजत होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर आई होती. तिची चादर वर सरकली होती आणि दोन्ही पाय उघडे होते. आईला पाय उघडे राहिलेले आवडायचे नाहीत. मावशीने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "बाळा, आई प्रभूमध्ये झोपी गेली. तिला विसावा मिळाला."

मोठ्या माणसांना त्याचा अर्थ माहीत होता. मला कळलं ते एवढंच की आई झोपली आहे. झोपलेल्या माणसाला हाक मारतात. मी मारली. आई कधीच पहिल्या हाकेला उठायची नाही, जरा जोरात मारावी लागायची, घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी श्वास भरून घेतला, आणि दुसरी हाक तोंडातून निघणार तोच मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "श्श. ओरडू नये. झोपू दे तिला."

मावशीचा जीव होता माझ्यावर. पुढे तिनेच मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. तिला दोष देईन तर माझी जीभ झडेल. पण तो हात अजून माझ्या तोंडावर आहे. आत्तासुद्धा आहे. आई उठली असती हो, मला नीट हाक मारू दिली असती तर. हे खरं नाही, हे मला कळतं. मी नर्स आहे, मरण म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पण जे लहानपणी आत जाऊन बसतं ते नर्सिंगचं शिक्षण घेतल्याने बाहेर पडत नाही.

त्यात रविवारच्या शाळेत एक गोष्ट सांगितली. एका मुलीच्या घरी सगळे रडत होते. प्रभू म्हणाला, मुलगी झोपली आहे. लोक हसले. मग त्याने तिचा हात धरला, तिला हाक मारली, आणि ती उठली. मी हात वर करून बाईंना विचारलं, "मग माझ्या आईला का नाही हाक मारली?" बाईंनी सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं. पाळकसाहेब, मी अजून त्या उत्तराची वाट बघते आहे. तुम्ही आज देऊ नका, कार्यक्रमाला उशीर होईल.

आता पुढचं जरा जपून बोलते. आम्ही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि पाळकसाहेब समोर बसलेले असताना तर मुळीच नाही. पण भर दिवसाउजेडी, दिव्यांच्या लखलखाटात, त्या खोलीत मी आईला पाहिलेलं आहे. कोणत्याही खाटेवर चादर वर सरकते, पाय उघडे पडतात, आणि तेवढ्यात त्या खाटेवर कोण आहे ते मला सांगता येत नाही. मी हाक मारते ती पेशंटला. पण ओ येईपर्यंतची जी वेळ असते, तेव्हा मी त्या चपलांच्या ढिगापाशी उभी असते. सगळं आयुष्य मी लोकांच्या पायांवर चादरी ओढत आले. तुम्ही म्हणालात, सिस्टर किती काळजी घेतात. काळजी कसली, मला ते पाय बघवत नव्हते.

घरी तरी काय वेगळं? हे दुपारी लवंडले की मी स्वयंपाकघरातून हाक मारायचे. हे झोपेतच "ओ" म्हणायचे. एकदा यांनी विचारलं, "तुला काही हवं असतं का?" म्हटलं, "नाही." म्हणाले, "मी लग्न केलं की पहारेकरी ठेवला?" तान्ह्या लेकीला मी चिमटा काढून उठवायचे, ती रडली की मला हायसं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, निजलेल्या लेकराला कोणी उठवतं का?" मी स्वतः कधी गाढ झोपले नाही. कुत्र्याची झोप. प्रार्थना करतानासुद्धा माझा एक डोळा उघडा.

माझी भीती ज्यांना ज्यांना कळली त्यांनी एकच औषध दिलं. प्रभूवर भार टाक, विश्वास ठेव. अहो, विश्वास नाही असं कोण म्हणतंय? रोज त्याचं नाव घेतल्याशिवाय मी त्या खोलीचं दार उघडलं नाही. माझं भांडण वेगळंच होतं. मी इतकी वर्षं त्याला हाका मारते आणि त्याच्याकडून ओ येत नाही. आणि ज्याच्याकडून ओ येत नाही त्याची खाट सोडायची नाही, हे माझं काम. मी त्याच्यावर भार टाकणार कशी? मीच त्याच्या उशाशी पहारा देत बसले होते.

गेल्या आठवड्यात, माझ्या शेवटच्या दिवसांत, एक बाई आल्या. बसमध्ये कंडक्टर होत्या, आता घरी असतात. आवाज असा की तीन खोल्यांपलीकडे कळावं. शुद्धीवर यायला त्यांनी फार वेळ घेतला. यंत्र सगळं ठीक सांगत होतं, साहेबही बघून गेले, म्हणाले, "येतील, येतील." मी हाक मारते, मारते, उत्तर नाही. मी त्यांचा खांदा हलवला, पुन्हा पुन्हा नाडी बघितली. माझी ही अवस्था चिमणीने बघितली आहे. शेवटी त्यांचे ओठ हलले. "पुढे सरका," त्या म्हणाल्या, "पुढे जागा आहे." मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले.

दुपारी त्यांना वॉर्डात न्यायचं होतं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "काय गं, किती कोकललीस."

मी म्हटलं, "मग ओ द्यायची होती ना वेळेवर."

"द्यायचीच होती. सगळं ऐकू येत होतं मला. जीभच उचलत नव्हती."

मी विचारलं, "घाबरलात का हो?"

"घाबरू कशाला? कोणीतरी बोलावतंय म्हणजे आपण टाकलेलो नाही. मग म्हटलं, पडून राहू निवांत."

त्यांची ट्रॉली गेली. मी चादरींच्या कपाटाचं दार उघडलं, त्यात तोंड घातलं आणि रडले. लोकहो, आईला माझी ती एक हाक ऐकू गेली होती का, हे मला माहीत नाही, आणि ते इथे कोणीच सांगू शकणार नाही, ना डॉक्टर, ना पाळक. पण ओ आली नाही म्हणजे ऐकलंच नाही, हे जे मी आयुष्यभर धरून बसले होते, ते त्या बाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं. प्रभूकडूनही ओ आली नाही. म्हणून त्याने ऐकलं नसेल? आणि काय सांगावं, इतके दिवस हाक तोच मारत असेल आणि माझीच जीभ उचलत नसेल.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. या क्षणीसुद्धा मी हे टेबल धरून उभी आहे. काल मात्र जेवण झाल्यावर मी दोन्ही डोळे मिटून प्रार्थना केली. फार काही मागितलं नाही. म्हटलं, प्रभू, परवा माझ्या उशाशी तू बस. मी आता थकले.

चिमणे, उद्या माझ्यासाठी तूच असशील. तुला मी सगळं शिकवलं, एक उलटं शिकवलं ते आज दुरुस्त करते. यंत्र नीट बघ, श्वास बघ, त्यात हयगय नको. पण मला उठवायची घाई करू नकोस. हाक मार, आणि ओ आली नाही तर जरा थांब. कोणी विचारलं तर सरळ सांग, सिस्टर झोपल्या आहेत. झोपू दे मला थोडं. मी कधी झोपलेच नाही गं.

अध्यक्ष महोदयांचे, मान्यवरांचे, आणि वॉर्ड सोडून दाराशी ताटकळत उभ्या राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या यजमानांना कोणीतरी हलवा, घरी जायचं आहे. सभेत इतकं घरचं बोलू नये, पण बोलून गेले. अशा वेळी चूकभूल द्यावी घ्यावी असं म्हणायची पद्धत आहे. त्यातली चूक माझी, ती आपण मोठ्या मनाने पोटात घाला. भूल उद्या सकाळी साहेब देतील, आणि मी ती घेईन.