कोपराची रेघ

(उत्तर घानातलं तामाले. ग्रंथालयाची मागची खोली, शनिवारची दुपार. मुक्त ज्ञानकोशाच्या, इथल्या दगबानी भाषेतल्या आवृत्तीचे स्वयंसेवक इथे जमतात. आज दोघंच आहेत : शाळेत शिकवणाऱ्या सानातू आणि त्यांचा जुना विद्यार्थी नापारी.)

नापारी : तुम्हीच काढून टाकलंत ना ते? नाव दिसतंय तुमचं, बाई. तिथे कोणी काय केलं ते सगळं दिसतं. तुम्हीच शिकवलंत आम्हाला.

सानातू : दार लाव आधी. धूळ येतेय आत.

नापारी : येऊ दे धूळ. उद्या मुखपृष्ठावर लागायचं होतं माझं छायाचित्र. आठवडाभर. सगळ्यांची मतं पडली, एकही विरोधात नाही, आणि आज सकाळी उठून बघतो तर नामांकन रद्द! कारण काय, तर ‘दर्जा अपुरा’.

सानातू : अपुरा आहेच. मागचं सगळं धूसर आलंय.

नापारी : मागचं धूसर मी केलंय! मुद्दाम! बाजाराची गर्दी विरघळावी आणि ती बाई तेवढी उठून दिसावी म्हणून. तुम्हाला कळतं हे. मागच्या महिन्यात त्या करकोच्याच्या चित्राला तुम्हीच लिहिलंत, ‘पार्श्वभूमी सुंदर विरघळली आहे.’

सानातू : तो करकोचा होता.

नापारी : हो ना! करकोचा. मग हत्ती. मग पाणघोडा, मग नदीवरचा सूर्यास्त. सगळी चित्रं पाहुण्यांनी काढलेली. आले, हाताएवढी लांब भिंगं लावली, गेले. आपल्या भाषेचा ज्ञानकोश, आणि त्याच्या मुखपृष्ठावर आपली भाषा बोलणारं माणूस कधी लागलं, सांगा बरं?

सानातू : आवाज कमी कर. पलीकडे मुलं अभ्यास करतायत.

नापारी : तिकडे राजधानीत, अक्राच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या आपल्या बायकांवर लेख आहे. तुम्हीच लिहिलाय, चांगला लिहिलाय. त्यातलं चित्र बघितलंत? पाठमोऱ्या बायका. डोक्यावर पराती आणि खाली पाठी. तोंड एकीलाही नाही. जसं काही परातींनाच पाय फुटलेत. मी तोंड आणलं, बाई. पहिल्यांदा कोणीतरी तोंड आणलं.

सानातू : तिला विचारलं होतंस?

नापारी : विचारलं म्हणजे काय! कॅमेरा वर करून दाखवला. तिने मान हलवली.

सानातू : शब्दात विचारलंस?

नापारी : बाजारात शब्द ऐकू येतात का? ट्रक मागे घेत होते, बोंबाबोंब चालली होती. तिने बघितलं, मान हलवली, मी काढलं. नियमात बसतं. सार्वजनिक जागा आहे.

सानातू : नियम मला सांगू नकोस.

नापारी : मग काय सांगू? लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवू? हे ऐका. ‘परात उचलताना दुमडलेल्या डाव्या हाताची रेघ पाहा. नाचणाऱ्या बाईचा हात वाटतो.’ दुसरा म्हणतो, ‘सगळं चित्र त्या कोपरावर उभं...’

सानातू : पुरे.

नापारी : नाही, ऐका ना. ‘इतका डौलदार कोपर...’

सानातू : पुरे म्हटलं ना! मोडलेला आहे तो कोपर.

नापारी : काय?

सानातू : मोडला होता. मग हाडवैद्याने बसवला, तो असा तिरका बसला. तेव्हापासून ती हात तसाच धरते. नाचत नाहीये ती. सरळ होतच नाही तो.

नापारी : तुम्हाला कसं ठाऊक?

सानातू : हाड बसवताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दार लाव, नापारी.

नापारी : ...लावलं. कोण आहे ती?

सानातू : अझारा. माझ्या भावाची मुलगी. चालायला लागली तेव्हापासून माझ्याकडे वाढली, आपल्यात भाची आत्याकडे वाढते तशी. पुढे भावाने तिचं लग्न ठरवलं. गुरांचा व्यापारी. वयाने माझ्याएवढा. हात त्यानेच मोडला. लाकडाने. भाऊ म्हणाला, संसारात भांड्याला भांडं लागतंच, हात बरा झाला की परत पाठव.

नापारी : पाठवलंत?

सानातू : परत पाठवायला म्हणून घराबाहेर काढली, आणि अक्राच्या गाडीत बसवली.

नापारी : आणि घरी काय सांगितलंत?

सानातू : स्टँडवर पाण्याची पिशवी आणायला गेले, तेवढ्यात दिसेनाशी झाली. भावाचा विश्वास बसेना. कुराणावर हात ठेव म्हणाला. ठेवला.

नापारी : खोटा?

सानातू : मग काय खरा ठेवणार होते? तिचा नवरा अजून शोधतोय. त्याची माणसं गुरांचे ट्रक घेऊन अक्राला जातात, येतात. दर सणाला भाऊ मला विचारतो, काही कळलं का? मी म्हणते, नाही. आणि तू तिला उद्या सकाळी मुखपृष्ठावर बसवणार होतास. खाली बाजाराच्या नावासकट.

नापारी : मला काय माहीत!

सानातू : तुला माहीत नव्हतं. म्हणून तर गुपचूप काढून टाकलं. तू गप्प बसला असतास तर बोलायची वेळच आली नसती.

नापारी : गप्प? माझ्या कामाला सगळ्यांसमोर ‘दर्जा अपुरा’ म्हणालात तुम्ही. बाबा मला रोज विचारतात, हा कॅमेरा भात शिजवतो का. उद्या त्यांना दाखवणार होतो. आणि एक विचारू, बाई? राग मानू नका.

सानातू : विचार.

नापारी : भीती कशाची वाटतेय? अझाराच्या जिवाची, की कुराणावर ठेवलेल्या हाताची?

सानातू : ...दोन्हीची. झालं समाधान?

नापारी : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सानातू : तसंच म्हणायचं होतं. आणि खरंही आहे. आता ऐक. नामांकन मी रद्द केलंय, पण मूळ चित्र अजून संग्रहात आहे. ते काढायचं तर ज्याने चित्र चढवलं त्यानेच अर्ज करायला हवा. म्हणजे तू. कर, मी पुसून टाकते. तसंही तिकडे कोपऱ्यात पडलेलं चित्र कोण बघतंय?

नापारी : बघतायत.

सानातू : म्हणजे?

नापारी : बाई, ते... मी लिंक पाठवली होती.

सानातू : कोणाला?

नापारी : मतं मिळावीत म्हणून.

सानातू : मतांसाठी प्रचार करायचा नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी! कोणाला पाठवलीस?

नापारी : शाळेच्या ग्रुपवर. फुटबॉलच्या. मशिदीच्या. आणि... स्टँडवरच्या पोरांच्या.

सानातू : कुठल्या स्टँडवरच्या?

नापारी : ट्रकच्या.

सानातू : या अल्ला.

नापारी : बसा. बाई, खाली बसा तुम्ही. पाणी घ्या.

सानातू : कधी पाठवलीस?

नापारी : मागच्या आठवड्यात. तिला फोन लावा.

सानातू : नको. घाबरेल ती. आधी चित्र काढून टाकू, मग बघू.

नापारी : काढायचं की नाही तेही तिलाच विचारू ना. मी विचारलं नाही म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडलात. आता तुम्हीही तिला न विचारताच ठरवताय.

सानातू : मी आत्या आहे तिची.

नापारी : म्हणूनच तर तुम्ही लावा. माझा फोन ती कशाला घेईल?

सानातू : ...वाजतोय. स्पीकरवर टाकते. अझारा? मी बोलतेय.

अझारा : आत्या? आज कसा फोन? तू तर पहिल्या शुक्रवारी करतेस. घरी सगळं ठीक ना? बाबांना काही झालं?

सानातू : सगळे बरे आहेत. तू कुठे आहेस आता?

अझारा : कामावर. कांद्याचा ट्रक लागतोय. पटकन बोल.

सानातू : अझारा, तुझा एक फोटो आहे. इथल्या एका मुलाने काढलेला. तो...

अझारा : परातीचा? बघितलाय मी.

सानातू : कुठे बघितलास?

अझारा : आमच्यातल्या मरियामाच्या फोनवर. ट्रकवरच्या एका पोराने तिला दाखवला, म्हणाला, ही तुमच्यातलीच ना, हिला मत द्या. ती धावत माझ्याकडे आली. म्हणे, अझारा, तू निवडणुकीला उभी आहेस का?

नापारी : तो पोरगा कुठला होता?

अझारा : हे कोण बोललं?

सानातू : नापारी. त्यानेच काढलाय फोटो. माझा विद्यार्थी आहे. बोल तू त्याच्याशी, घाबरू नकोस.

अझारा : अच्छा, तुम्ही होय ते. दादा, तुम्ही हात वर केलात तेव्हा मला वाटलं, ओझं आहे. मी मान हलवली, परात डोक्यावर चढवली, आणि बघते तर तुम्ही पुढे चालते झालात. मी दोन हाका मारल्या. बायका हसल्या मला.

नापारी : ...मला ऐकू आलं नाही.

अझारा : बाजारात कोणाला काय ऐकू येतं? सोडा.

सानातू : अझारा, तो पोरगा कुठला होता?

अझारा : आपल्याकडचाच. बोलण्यावरून नवऱ्याच्या गावाच्या बाजूचा वाटला. म्हणून आम्ही त्याच दिवशी जागा बदलली.

सानातू : बदलली? कुठे राहतेस मग?

अझारा : आहे एक शेड, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला. पत्रा गळतो, पण चौकीदार आपला माणूस आहे. तुला सांगणार होते पहिल्या शुक्रवारी.

नापारी : कोणी आलं होतं शोधत?

अझारा : परवा दोघं जण आले होते जुन्या जागी. मागाजिया, आमच्या बायकांची पुढारी, तिने त्यांना उभं केलं दारात. म्हणाली, इथे सगळ्याच अझारा आहेत, कुठली पाहिजे? निघून गेले. परत येतील.

नापारी : बाई, माझ्यामुळे झालं हे.

सानातू : गप्प बस आता. अझारा, ‘आम्ही जागा बदलली’ म्हणालीस. आम्ही कोण? मरियामा आणि तू?

अझारा : फोटो नीट नाही बघितलास का, आत्या?

सानातू : बघितला. पाठीवर पोर बांधलंय. तुम्ही एकमेकींची सांभाळता, म्हणून मला वाटलं...

अझारा : माझी आहे.

सानातू : कधी झाली?

अझारा : गाडीत बसले तेव्हा पोटात होती. मलाच माहीत नव्हतं. इथे आल्यावर कळलं.

सानातू : आणि मला सांगितलं नाहीस? दर महिन्याला बोलतो आपण!

अझारा : तू एकदा हात ठेवला होतास कुराणावर. दुसऱ्यांदा ठेवायची वेळ तुझ्यावर नको यायला. जे माहीतच नाही त्याची शपथ कोण घ्यायला लावणार?

सानातू : अगं पोरी...

अझारा : रडू नकोस. ट्रक लागलाय, माझा नंबर जाईल. दादा, ऐका. तुम्ही फोटो चांगला काढलात. खरंच. इथल्या बायका म्हणतात, अझारा, तू राणी दिसतेस. माझं तोंड लोकांनी बघितलं तर बघू दे. मी हात मोडून घेऊन निघाले, चोरी करून नाही. पण तिचं तोंड दिसतं त्यात. मूल बापाच्या घरचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्यासाठी नवरा ट्रक पाठवेल न पाठवेल. मूल आहे हे कळलं तर स्वतः येईल.

नापारी : त्याला कळलंय का?

अझारा : आलेले दोघं माझ्याबद्दल विचारत होते. मुलीचं नाव काढलं नाही. फोनवर फोटो लहान दिसतो, पाठीवरचं गाठोडं वाटतं. मोठा करून बघितला तर कळेल. म्हणून मोठा होऊ देऊ नका.

नापारी : काढतो. आत्ता काढतो. बाई, अर्ज टाकलाय बघा. कारण लिहिलंय, ‘छायाचित्रकाराची चूक. चित्रातल्या व्यक्तीची संमती नाही.’

सानातू : तुझं नाव खराब होईल. पुढच्या वेळी लोक मत देताना आठवण काढतील.

नापारी : काढू द्या. पुसा.

सानातू : ...पुसलं.

नापारी : ग्रुपवर मी सांगतो, चित्र बाद झालं, लिंक काढून टाका. ज्यांनी उतरवून घेतलं असेल त्यांचं काय करू ते मला माहीत नाही. एकेकाला गाठतो. ट्रकच्या पोरांपासून सुरुवात करतो. अझारा, मूळ प्रत कॅमेऱ्यात आहे. तीही पुसू?

अझारा : ती ठेवा. तिच्या लहानपणाचं दुसरं काही नाही माझ्याकडे.

सानातू : नाव काय ठेवलंस?

अझारा : वुनपिनी.

सानातू : देवाची देणगी. बारसं कोणी केलं? जावळ कोणी काढलं?

अझारा : मागाजियाने. सगळ्या जणींनी मिळून बकरी नाही जमली, कोंबडी कापली. मौलवी आले होते, कानात नाव सांगितलं. सगळं रीतसर झालं, आत्या. फक्त तुझी जागा रिकामी ठेवली होती.

सानातू : मी येते. आज रात्रीच्या गाडीने निघते, शाळेचं बघेन काय ते.

अझारा : येऊ नकोस.

सानातू : अगं, मी फक्त बघून...

अझारा : तू स्टँडवर दिसलीस की बाबांना कळेल, आणि बाबांना कळलं की त्याला कळेल. तुझ्या मागोमाग येतील ते. येऊ नकोस, आत्या. अजून काही दिवस तरी नको.

नापारी : मी जाऊ का? माझ्या मागे कोण येणार आहे? पत्र्यासाठी डांबर, तिच्यासाठी कपडे, काय द्यायचं ते द्या, नेतो मी.

सानातू : जा. उद्या जा. तिच्या मापाचं... मला तिचं मापही माहीत नाही.

अझारा : मोठी झालीय, आत्या. पळते. बरं, ठेवते मी आता, हाका मारतायत.

सानातू : थांब. आत्ता ती कुठे आहे?

अझारा : पाठीवरच. जागी आहे.

सानातू : मग तिच्या कानाला लाव जरा.

अझारा : बोलणार नाही ती. लाजते फोनला.

सानातू : लाजू दे. मला घाई नाही.