मागचा ठोकळा

हेलनबाई : म्हणजे हे सगळं आजच झालं? मी शाळेत नसताना?

जगन्नाथ मास्तर : तुम्हाला बोर्डानं वसईला बोलावलं, म्हणून तुमची पहिली माझ्या चौथीत बसवली. आणि नेमके आजच दिपोटी साहेब तपासणीला आले. तीन वर्षांत आपल्या गिरीजला फिरकले नव्हते.

हेलनबाई : मग?

मास्तर : त्यांनी फळ्यावर ठोकळ्यांची रास काढली. शेजारी-शेजारी, एकावर एक. म्हणाले, किती ठोकळे? चौथीनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सात बोटं दाखवली.

हेलनबाई : सात?

मास्तर : दिसत होते सात! अठरा वर्षं गणित शिकवतोय, दिसेल तेवढं तरी मोजता येतं मला. अख्खी चौथी ओरडली, "सात!" पाढे म्हणतानासुद्धा कधी इतकी एकी झाली नव्हती.

हेलनबाई : अरे देवा!

मास्तर : हसा तुम्ही. तेवढ्यात तुमच्या पहिलीतली यशोदा उठली. केळीच्या वाडीवाल्या विठ्ठलची. म्हणे, "आठ!" मी दटावलं तर म्हणाली, "मागं खाली एक हाय, मास्तर. तो नसता तर वरचा पडला असता."

हेलनबाई : शाब्बास! आणि साहेब?

मास्तर : माझ्या हातात खडू दिला. म्हणाले, तो मागचा काढून दाखवा. मी काढला. त्यांनी विचारलं, "हा गोठा का?" शेवटी यशोदेनं तुमचे लाकडी ठोकळे आणून रचले आणि मागचा ओढला. वरचा सरळ माझ्या अंगठ्यावर.

हेलनबाई : लागलं?

मास्तर : बरं झालं लागलं.

हेलनबाई : त्याच ठोकळ्यांवरून बोर्डानं मला आज झापलं. ठोकळे, माती, कागदाच्या घड्या... म्हणे, बाई, गणित कधी शिकवता? कुणीतरी दोन पानी तक्रार केलीय. डहाणूला बदली करतील म्हणतात. आई अंथरुणाला खिळलीय, मास्तर. तिला कुणावर टाकून जाऊ?

मास्तर : अडीच.

हेलनबाई : काय अडीच?

मास्तर : पानं. अडीच होती.

(मास्तर टोपी काढून बाकावर ठेवतात.)

हेलनबाई : तुम्ही?

मास्तर : तुमच्या वर्गातून हसू ऐकू यायचं, माझ्यातून रडू. मला वाटायचं, रडतात म्हणजे शिकतायत.

हेलनबाई : मधे एक कुडाची भिंत, मास्तर. येऊन विचारायचं तरी.

मास्तर : विचारलं असतं तर समजलं असतं. मग लिहिलं काय असतं? आत्ता साहेबांना दुसरा कागद देऊन आलोय. तक्रार मागे घेतली. सात बोटांचंही लिहिलं त्यात.

हेलनबाई : काय म्हणाले?

मास्तर : म्हणाले, बोर्डाला मी कळवतो, बाई इथंच राहतील. मग म्हणाले, तुमचं काय करायचं? मी म्हटलं, बाईंनी शिकवलं तर शिकेन.

हेलनबाई : मला राग आलाय तुमचा. आज जायचा नाही तो.

मास्तर : नका जाऊ देऊ.

हेलनबाई : ...घ्या ही माती. चौकोनी ठोकळा करा. सगळ्या बाजू सारख्या.

मास्तर : हं. झाला.

हेलनबाई : हा वडा झाला. मोडा. परत करा... हं, आता बरा आहे. डोळे मिटा आणि कडा मोजा.

मास्तर : एक... दोन... तीन... ही मोजली का मी?

हेलनबाई : सावकाश, मास्तर. इथं छडी नाही.