इहिरीतल्या चकत्या

नाही पोरी, पह्यली चकती माह्या हातून नाही पडाची — शेजारच्या धनीबाईले सांग, तिले फोटोची हौस हाये. रागावली नाही व मी, बस, चहा घे. तुह्यं काम चांगलंच हाये — पुण्याहून इंझोरीत आली, बौद्धपुऱ्यात घरोघर फिरली, कस्तुराबाईचं स्मारक कसं पाह्यजे म्हणून लोकाइच्या चिठ्ठ्या घेतल्या. सगळ्याइनं एकच लिवलं ना? कस्तुराबाईनं गावातला शेवटचा देव इहिरीत फेकला, तशी येनाऱ्या हरेकानं पत्र्याची एक चकती फेकाची — पुतळा नाही, पाटी नाही, सोता करून पाहाचं. मी? मी कोरीच टाकली चिठ्ठी. काहून म्हंजे? सासू होती थे माही.

छप्पन साली दीक्षा घेतली अन् साऱ्याइनं घरचे देव इहिरीत फेकले. तिनं बी फेकले — एक टाक सोडून. बोटाएवढा चांदीचा पत्रा, त्याच्यावर देवी. सत्तर साली मी लग्न होऊन आली, मिरच्याइच्या मडक्यात मले सापडला. मी सातवी पास, लय चीड आली मले — बाबासाहेबाइच्या फोटोखाली बुढी देव लपवते! तिले इचारलं बी नाही, सरळ विहारात साऱ्याइसमोर सांगतलं. कोनी शिवी नाही देल्ली तिले — एवढंच म्हनले, कस्तुराबाई, चाल इहिरीवर. तिनं फेकला. टाळ्या वाजल्या. मी बी वाजवल्या.

घरी येऊन म्हने, अंजना, देव नव्हता व थो. माही पोरगी वरसाची होऊन गेली — दात येत होते तिले, थोच चावत बसे. कडेले दाताची खून होती. तेवढंच राह्यलं होतं तिचं.

बहात्तरच्या दुष्काळात इहीर आटली. बुढी दोर धरून खाली उतरली — तीन दिवस बोटाइनं गाळ चिवडला. लोकाइले वाटे, झरा पाहून राह्यली. मले मालूम होतं. मी काय केलं? वरून गाळाचं टोपलं ओढलं. माफी नाही मांगतली — आज मांगू, उद्या मांगू, थे मरून गेली. अजून तिथंच असन थो टाक. आता त्याच्यावर तुमच्या हजार चकत्या.

काय म्हनते? हे बी लिवू? गावाले इचारून? म्हंजे पुन्हा विहारात, साऱ्याइसमोर, मी तिचं सांगू?

एकडाव सांगतलं ना व मी.

थे मशीन बंद कर. चालू होतं का एवढा वखत? पुसून टाक — माह्यासमोर पूस. आता जा, कारंज्याची एसटी निघून जाईन. दार लोटून घेजो.