मावळतीनंतरची मोजणी

सकाळी? नको नको, मॅडम, सकाळी कशाला — सकाळी तुमचं मशीन दोन मिनिटांत हद्द दाखवून मोकळं होतं. मोजणी करायची ती मावळतीनंतर, आणि तीही सूर्यावर वादळ झालेलं असताना. आज झालंय, मोबाईलवर बघितलं मी. बायको पंचांग बघते, मी सूर्याचे डाग बघतो — हसू नका, तुम्हीच सांगितलंत ना गेल्या वेळी, याच बांधावर उभ्या राहून? सूर्य खवळला की पृथ्वीचं चुंबक हलतं, आणि अंधार पडला की वर तो आयनोस्फिअरचा थर आहे त्यात फुगे उठतात, उपग्रहाचा सिग्नल त्यातनं येताना लटपटतो. मशीन बिचारं गरगरतं — हद्द कधी माझ्या विहिरीत, कधी पोपटच्या संडासात!

पोपट म्हणजे माझा धाकटा भाऊ, पलीकडचा प्लॉट त्याचा. हातभर जमिनीवरनं नऊ वर्षं बोलत नाय आम्ही. पण गेल्या वेळी त्या संध्याकाळी काय झालेलं — तुम्ही गाडीत बसलेल्या, मशीनचा दांडा मी धरलेला, खुणेवर तो उभा, आपली बाजू सोडायची नाय म्हणून दोघंही हलेनात, आणि मशीन काय हद्दीवर फिक्स होईना, जागा पक्की झाल्याचा तो बीप काय वाजेना. साडेसात वाजले, आठ वाजले. माणूस किती वेळ गप्प उभा राहणार? तो म्हणाला, गणूदादा, डास आहेत. मी म्हटलं, आहेत खरे. मग त्याच्या गुडघ्याचं निघालं, मग आईच्या हातच्या, खाडीतल्या निवट्या माशांच्या कालवणाचं — त्यात ती चिंच टाकायची की कोकम, यावरनं अर्धा तास भांडलो. इतकं चांगलं भांडण नऊ वर्षांत झालं नव्हतं. मला तर रडू आलं, डोळ्यात डास गेला म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात, पटकन दगड रोवलात, तो आपल्या घरी गेला, संपलं. म्हणून तो दगड मी उप — म्हणजे गुरांनी उपटला. गुरं? आहेत ना — नाय, विकली. तीन वर्षं झाली विकून. जाऊ द्या ना, मॅडम, तुम्ही चालू करा, तो बघा पोपट येतोय — हातात काय आहे त्याच्या? खुर्च्या? दोन खुर्च्या? आणि थर्मास —

हे काय वाजलं? फिक्स? एवढ्यात? अहो, वादळ आहे ना आज! बंद करा. बंद करा म्हणतो ना! तुम्ही जा, गाडीत बसा, काच वर करा. आणि त्याला काय सांगू नका.